मास्तरांच्या मापाचं स्प्लिंट

टेलरमास्तरांच्या उजव्या तर्जनीची शीर त्यांच्याच कात्रीने तुटली होती. ऑपरेशन झालं आणि बोट सरळ राहावं म्हणून थेरपिस्ट बाईंनी बोटापासून मनगटाच्या वरपर्यंत प्लास्टिकचं स्प्लिंट चढवलं. "अंघोळीलासुद्धा काढायचं नाही. शीर पुन्हा सुटली तर बोट कायमचं वाकडं. मग कात्री विसरा!" बाईंनी बजावलं. मास्तरांनी नंदीबैलासारखी मान हलवली.

घरी बायको डोळ्यांत तेल घालून बघायची. म्हणून स्प्लिंट घरी हातात आणि दुकानात खिळ्यावर, अशी मास्तरांनी सोपी वाटणी केली. "कोट काय मनगटाने कापू?" असं ते गिऱ्हाइकांना विचारत. गिऱ्हाइकांना कोट वेळेवर हवा असे, त्यामुळे तीही "बरोबर आहे" म्हणत.

त्या दुपारी बाईंकडे तपासणीला जायचं होतं. मास्तर एका वकिलाच्या कोटाला डाव्या हाताने इस्त्री करत होते. फोन वाजला, इस्त्री बाजूला टेकवली, ती नेमकी तपासणीला न्यायचं म्हणून खिळ्यावरून काढून ठेवलेल्या स्प्लिंटवर. फोन होईपर्यंत स्प्लिंट पुठ्ठ्यासारखं सपाट झालं होतं.

तेवढ्यात मेव्हणा पँट सैल करून घ्यायला आला. मास्तरांनी टेप काढून त्याचं मनगट मोजलं.

"दाजी, पँटचं माप मनगटाला?"

"गप रे. स्प्लिंटला पुन्हा आकार द्यायचाय, माझ्या हातावर एकट्याने जमत नाही. तुझं नि माझं माप एकच आहे. हात पुढे कर."

मास्तरांनी गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक त्याच्या हाताभोवती घट्ट लपेटलं. फिटिंग झकास आलं. पण गरम कडा एकमेकींना चिकटल्या आणि थंड होऊन दगड झाल्या. निघेना.

"दाजी, हे निघत नाहीये!"

"ओरडू नकोस, कोट चुरगळतोय."

दारात बायको उभी. "अहो, चला, उशीर झाला. आणि अगं बाई, तुझ्या हाताला काय झालं रे?"

"पडलो ताई. पायरीवर," मेव्हण्याने ठोकून दिलं.

बायकोने आधी भावाचा हात पाहिला, मग नवऱ्याचा मोकळा हात. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे याला लागलं म्हणून तुम्ही स्वतःचं काढून दिलंत? काय बाई मन तुमचं!"

आता इतकं कौतुक कोण परतवेल? "आपलाच माणूस. बघवेना," मास्तर म्हणाले.

दवाखान्यात थेरपिस्ट बाईंनी मेव्हण्याचं स्प्लिंट कापून काढलं, हात दाबून पाहिला. "याला तर काहीच झालेलं नाही." मग तुकडा उजेडात धरला. त्यावर इस्त्रीच्या टोकाचा ठसा स्वच्छ उमटला होता. बायकोने तो पाहिला. बारा वर्षं ती दुकानातल्या त्याच इस्त्रीने घरचे कपडे कडक करत आली होती. तिचे डोळे लगेच कोरडे झाले.

"बोट सरळ करा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी जोर लावला. बोटाचं टोक खाली लोंबत राहिलं. पुन्हा लावला. तेच. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. हेच बोट कात्रीत घालून त्यांनी घर उभं केलं होतं.

"शीर ताणलीय, तुटलेली नाही. नशीब समजा. पण आता सगळं पहिल्यापासून. आणि या वेळी काढलंत, तर माझ्या हातात काही नाही."

नवं स्प्लिंट चढलं. बाई पट्टा लावणार तोच बायको म्हणाली, "थांबा." तिने पर्समधून सुई-दोरा काढला. "शिवलं तर चालेल?"

"चालेल. पुढच्या तपासणीला मीच उसवीन," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

बायकोने पट्टा दुहेरी दोऱ्याने शिवला, गाठ आतून मारली आणि दोरा दातांनी तोडला. मेव्हणा आपला मोकळा हात चोळत मजा बघत होता.

मास्तरांनी सवयीने डाव्या हाताने टाका ओढून पाहिला.

"का हो? कच्चा राहिलाय का?" बायकोने विचारलं.

"छे," मास्तर खालमानेने म्हणाले, "हा उसवायचा नाही."