खवलेराव सगळ्यांना दिसू लागले

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. नदी होती, आंबे होते, उकाडाही होता. विमानतळ तेवढा नव्हता.

शेजारच्या जंगलात तो झाल्यापासून सिंहमहाराजांना जेवण गोड लागेना.

"तिथं म्हणे सरकते जिने आहेत," ते प्रधान कोल्ह्याला म्हणाले. "आपल्याकडे नुसते घसरडे दगड!"

"पण महाराज, आपले पक्षी तर असेच उडतात."

"कुणालाही न विचारता! काही शिस्त नको?"

माळावरची जागा ठरली. नेमकं तिथंच खवलेरावांचं बीळ निघालं.

खवलेराव म्हणजे खवले मांजर. नावात मांजर, पण दुधाला शिवत नसत. मुंग्या खात. अंगभर खवले, तोंडात मात्र एकही दात नाही. कुणी दरडावलं की अंगाची गुंडाळी करून गप्प पडत. अख्ख्या जंगलात त्यांच्या जातीचे ते एकटेच उरले होते.

आणि कायदा असा होता, की दुर्मिळ प्राण्याचं घर पाडून विमानतळ बांधायचा नाही.

कोल्हा बिळाशी गेला. "खवलेराव, तुम्ही दुर्मिळ आहात का हो?"

"काय की! मी तर मला रोज भेटतो."

खवलेरावांकडे जुना बटणांचा मोबाइल होता. दगडावर पडला तर दगडाचा टवका उडे. कोल्ह्याने तो मागून घेतला आणि बदल्यात चकचकीत नवा दिला.

"याने फोटो काढा, जंगलभर पाठवा. किती दिवस बिळात कुढत बसणार?"

खवलेरावांना आधी लाज वाटली. मग त्यांनी गुंडाळी केलेला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'सुप्रभात'. माकडांनी तो पुढे पाठवला, हरणांनी आणखी पुढे. साळिंदरबाईंनी लिहिलं, "अय्या, किती गोड!" जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांना गोड म्हणत होतं. खवलेराव मग रोज सकाळी फोटो पाठवू लागले.

थोड्याच दिवसांत दरबार भरला.

"महाराज, हा प्राणी रोज सकाळी प्रत्येकाला दिसतो," कोल्हा म्हणाला. "जो रोज दिसतो, तो दुर्मिळ कसा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. साळिंदरबाईंनीही.

बीळ बुजलं. विमानतळ झाला. बगळे बोर्डिंग पास घेऊन रांगेत उभे राहू लागले. जुना मोबाइल मात्र खरोखर दुर्मिळ ठरला. त्याला काचेची पेटी मिळाली, गार हवा मिळाली, अस्वलाचा पहारा मिळाला. त्याच्या आसपास शिंकायलाही बंदी झाली.

उद्घाटनाला खवलेराव आले. दारावर रानडुक्कर होतं.

"माझं घर इथं होतं हो," ते म्हणाले.

"पास दाखव!" रानडुक्कर गुरगुरलं.

झालं! खवलेरावांची गुंडाळी झाली. सामान उचलणाऱ्या वानराला वाटलं, कुणाची तरी गोल बॅग राहिली. त्याने वर 'नाजूक' अशी चिठ्ठी डकवली आणि ती बॅग विमानात सामान नेणाऱ्या पट्ट्यावर ठेवून दिली.

गुंडाळी सुटली तेव्हा खवलेराव फार दूरच्या जंगलात, एका गवताळ धावपट्टीवर पोचले होते. 'सुप्रभात'चे फोटो तिथवरही गेले होते, त्यामुळे गुंडाळी उतरताच ओळख पटली होती. समोर ढोल वाजत होते. तिथले वाघमहाराज हार घेऊन उभे. त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"इतका दुर्मिळ प्राणी, आणि आमच्याकडे! हवं तिथं राहा, खवलेराव."

खवलेरावांना हायसं वाटलं. त्यांनी एका चिंचेखाली जागा निवडली. माती मऊ होती, मुंग्या भरपूर होत्या. पुष्कळ दिवसांनी ते पोटभर जेवले आणि बीळ खणायला लागले.

वर वाघमहाराज प्रधानाशी बोलत होते. "यांना पाहायला देशोदेशींहून पाहुणे येतील. आपल्या या गवतावर मोठी विमानं उतरायची कशी?"

प्रधानाने चौफेर नजर फिरवली. मग चिंचेकडे बोट दाखवलं.

"ही जागा चांगली सपाट आहे, महाराज."

तात्पर्य: मुलांनो, कौतुक करणाऱ्यांना मोकळी जागा लागते, आणि ती बहुधा तुमचीच असते. तेव्हा मोठेपणी दुर्मिळ होऊ नका. पुष्कळ व्हा, कंटाळवाणे व्हा आणि सुखाने आपल्या घरी राहा.