सिद्राम वस्ताद, यत्ता बिगारी

सिद्राम वस्ताद शड्डू ठोकल्याशिवाय पुस्तक उघडत नसत.

आधी उजवा तळवा डाव्या दंडावर, मग डावा तळवा उजव्या मांडीवर, असा दोनदा फाडकन आवाज व्हायचा. मारुतीचं नाव घेतलं जायचं. मग ते अंकलिपीकडं असे बघायचे की मला त्या बिचाऱ्या अंकलिपीची दया यायची. समोर असायचा 'ग'. गणपतीतला ग. वस्ताद वाकून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचे आणि हळूच म्हणायचे, "ये."

मी तेव्हा सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका मराठी शाळेत मास्तर होतो. वय पंचविशीचं. सदरा खुंटीला टांगला काय आणि माझ्या अंगावर टांगला काय, लांबून फरक कळत नसे. स्वभाव मात्र तापट, आणि पोरं मला वचकून असतात असा माझा समज होता. वस्ताद पंचेचाळिशीचे. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते शोधावं लागे. कुस्त्या खेळून खेळून कान भज्यांसारखे झालेले. शाळेच्या दारातून आत यायचं तर त्यांना तिरकं व्हावं लागे. सबंध जिल्ह्यात त्यांची पाठ मातीला लावणारा गडी निघाला नव्हता. पेठेतल्या तालमीचे ते वस्ताद, म्हणजे पैलवान घडवणारे गुरू. असा माणूस जूनमधल्या एका सकाळी शाळेत आला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "मास्तर, नाव घाला. बिगारीत."

बिगारी म्हणजे पहिलीच्याही खालचा वर्ग. तिथली निम्मी पोरं नाक पुसायलाही शिकलेली नसायची. मला वाटलं, पुतण्याबितण्या असेल.

"मुलगा कुठाय?" मी विचारलं.

"मीच की."

"तुम्ही? आणि शिकून काय करणार?"

"नर्स व्हायचंय."

मी पेन खाली ठेवलं. वस्तादांच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. शाळेच्या नियमाप्रमाणं मी पालकाचं नाव विचारलं. आईबाप केव्हाच गेलेले, लग्न केलेलं नव्हतं. थोडा विचार करून ते म्हणाले, "मारुती लिवा. तालमीतला. पोरगा कुटं गेला म्हून त्येलाच इचारा, कवाबी जागेवरच असतोय." मी लिहिलं. आता हसू येतं, पण त्या वेळी दुसरं काय लिहिणार होतो?

ही बातमी नव्या पेठेपर्यंत पोचायला दुपारसुद्धा लागली नाही. कापडाच्या दुकानांतून लोक हाका मारू लागले. "काय वस्ताद, गोट्या आणल्या का?" एका व्यापाऱ्यानं तर भर रस्त्यात म्हटलं, "अहो, नर्स म्हणजे बायकांचं काम." वस्ताद थांबले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बायकांचं हाय खरं. म्हून तर अवघड हाय."

कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. काही वर्षांपूर्वी अक्कलकोटाकडच्या एका जत्रेत त्यांची मल्लाप्पा नावाच्या पैलवानाशी कुस्ती लागली होती. कुस्ती सरळ झाली, दगाफटका काही नाही. पण मल्लाप्पा पडला तो वेडावाकडा पडला, आणि पाठीच्या कण्यात काहीतरी मोडलं. कमरेखालचं अंग गेलं. लोकांनी वस्तादांच्या डोक्याला फेटा बांधला तेव्हा मल्लाप्पा उठत का नाही, हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. वस्तादांनी तो फेटा काढला, बैलगाडी केली आणि मल्लाप्पाला, त्याच्या म्हाताऱ्या आईसकट, सोलापूरला आपल्या खोलीवर आणलं. त्या दिवसापासून पोरांना डाव सांगायचे ते काठावर उभं राहून. स्वतः आखाड्यात पाऊल टाकलं नाही.

"पडून पडून त्येच्या पाठीला जखमा झाल्या, मास्तर. मिशनच्या दवाखान्यात नेला. तितं रूथबाई हायेत, नगरकडच्या. नर्स. एवढीशी बाई, चिमणीएवढी. मी मल्लाप्पाला आपटला तवा आक्ख्या जत्रेला ऐकू आलं. त्या बाईनं त्येला कुशीवर वळवला अन् त्येचं त्येला बी कळलं न्हाय." वस्ताद आपल्या पंजांकडं बघत होते. "ह्यो डाव मला येत न्हाय."

घरी आणल्यावर त्यांनी स्वतः वळवून बघितलं, तर मल्लाप्पाची शुद्ध हरपली. वर एक दिवस बाटल्यांची अदलाबदल झाली. लावायचं औषध त्यांनी पाजलं. मल्लाप्पा वाचला, पण रूथबाईंनी वस्तादांना पोरासारखं झापलं. आधी वाचायला शिका, म्हणाल्या. वस्तादांनी विचारलं, "वाचाया आलं तर नर्स करून घेता?" बाईंनी वर बघितलं, बरंच वर बघावं लागलं असणार, आणि सांगितलं, "पाचवी पास व्हा, मग दवाखान्याच्या वर्गात घेते. तोवर मी येऊन जखमा बांधत जाईन."

मी म्हटलं, "अहो, वळवायचं तेवढं बाईंकडून बघून घ्या की. त्यासाठी पाचवी कशाला?"

"बघून डाव आला असता तर जत्रंतलं समदं गाव पैलवान झालं असतं. वस्तादाच्या हाताखाली अंग झिजवावं लागतं."

म्हणजे प्रकरण असं होतं. तिकडं मल्लाप्पाची पाठ दिवसेंदिवस सडत होती आणि इकडं सिद्राम वस्ताद 'ग'शी झुंजत होते.

झुंजणं हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. पाटीवरची पेन्सिल त्यांच्या चिमटीत टिकतच नसे, तिची भुकटी व्हायची. पाट्या किती फुटल्या ते मारुतीलाच ठाऊक. वर शिक्षेचा हट्ट. उत्तर चुकलं की हात पुढं. मी म्हणायचो, राहू द्या. तर म्हणायचे, "तालमीत मी सोडतो का पोरास्नी? मारा." मी छडी मारायचो. त्यांना काही व्हायचं नाही, माझं मनगट दिवसभर ठणकायचं. मग मधल्या सुट्टीत तालमीतून बदाम घातलेलं दूध यायचं, लोटाभर, माझ्यासाठी. "प्या मास्तर. छडीत दम न्हाय तुमच्या." मी रागानं लोटा परत पाठवायचो. विद्यार्थ्याकडून काही घ्यायचं नाही हे माझं व्रत होतं, आणि खरं सांगायचं तर ते दूध मला पचलंही नसतं.

पण हा माणूस शिकत होता. सकाळी तालीम, दुपारी शाळा, मधे मल्लाप्पाचं खाणंपिणं. एकदा आलेलं अक्षर तो पुन्हा निसटू देत नसे. बिगारी सुटली, पहिली गेली, दुसरी गेली. सोबतची पोरं मागं राहिली आणि वस्ताद पुढच्या वर्गात तिरके होऊन शिरत राहिले. मी पुढं कितीतरी हुशार पोरं शिकवली, पण शिकणं म्हणजे काय ते मी त्यांच्याकडं बघून शिकलो.

पाचवीची परीक्षा घ्यायला डेप्युटीसाहेब येत. शिक्षणखात्याचे अधिकारी, पुण्याकडचे, बारीक चष्म्याचे. त्यांनी वर्गाला पाढे म्हणायला सांगितले. आणि सबंध वर्गानं, एकूण एक पोरानं, आधी दंडावर मग मांडीवर शड्डू ठोकला. साहेबांचा चष्मा नाकावरून सुटून मांडीवर पडला. पोरांना ही सवय केव्हा लागली ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, पाढे असेच म्हणतात.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले. मग भिंतीशी बसलेल्या वस्तादांकडं बोट दाखवून, "आणि हे गृहस्थ?"

"विद्यार्थी," मी म्हणालो. "सिद्राम मारुती."

त्या वर्षी वस्ताद गणितात नापास झाले. व्यवहारी अपूर्णांकांनी घात केला. मी रडायच्या बेतात होतो. मल्लाप्पाच्या जखमा त्या उन्हाळ्यात चिघळल्या होत्या, हाडाला भिडतील म्हणून रूथबाई काळजीत होत्या. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो तर वस्तादच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाठ न्हाय टेकली, मास्तर. गुडघा टेकलाय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचवीत येऊन बसले.

पुढच्या वर्षी तेच डेप्युटीसाहेब आले. गणित वस्तादांनी कसंबसं काठावरून नेलं. वाचनाची पाळी आली. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुस्तक बाजूला सारलं, आपल्या कोटाच्या खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि पुढं केली. "नर्स व्हायचंय म्हणे तुम्हाला. वाचा ही चिठ्ठी."

वस्तादांनी बाटली दोन्ही हातांत धरली. शड्डू ठोकला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदा बघितला. एकेका अक्षरावर थांबत त्यांनी वाचलं, "पो-टा-त घे-ण्या-चे." मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग साहेबांना म्हणाले, "पाजायचं हाय. लावायचं न्हाय."

साहेबांना त्यातली मेख ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण वस्तादांचा आवाज ऐकून त्यांनी बाटली परत खिशात ठेवली आणि 'पास' लिहिलं. मी तोंड धुवायला बाहेर गेलो.

पुढं दवाखान्याचा वर्ग. वस्तादांचा पांढरा सदरा शिवायला शिंप्यानं दोन माणसांचं कापड मागितलं. पुरुषांच्या खोलीत ते शिरले की कण्हणारी माणसं भीतीनं गप्प व्हायची, आणि खोलीला उतार पडला असं डॉक्टरांना वाटायचं. एकदा मल्लाप्पाच्याच गावचा एक म्हातारा तापानं फणफणून आला. यांना बघताच त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "आमच्या गड्याला जलमाचा आडवा केलास. तुझ्या हातचं पाणी बी नगं." वस्तादांनी वाद घातला नाही. "व्हय, मीच त्यो," एवढंच म्हणाले, आणि पेला हातात धरून तिथंच जमिनीवर बसून राहिले. मध्येच औषध गार झालं म्हणून बदलून आणलं, पुन्हा बसले. शेवटी म्हातारा कंटाळून प्याला.

रूथबाई त्यांच्यावर सारख्या ओरडत. "सिद्राम, आधी हात, मग ताकद." माणूस वळवायचा सराव करायला हवा, आणि मल्लाप्पावर करण्याची त्यांची छाती होत नव्हती. मग हक्काचं माणूस कोण? शाळा सुटली की ते दारात उभे. "मास्तर, जरा आडवं व्हा की." टेबलावर मी आडवा व्हायचो. एक हात माझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली. पहिल्या दिवशी मी टेबलाच्या पलीकडं जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलीकडं सतरंजी घातली. हळूहळू ते हात हलके होत गेले. त्या पंजांत दगड फोडायची ताकद होती, आणि ते माझ्याखालून असे सरकत की मला टेबल कुठं संपलं आणि हात कुठं लागला ते कळेना. एका संध्याकाळी मी टेबलावर उताणा पडलो, एवढंच आठवतं. जाग आली तेव्हा मी कुशीवर होतो, आणि वस्ताद शेजारी बसून मला वारा घालत होते.

"जमला का डाव?" मी विचारलं.

"तुमी घोरत व्हता," ते म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

ते पक्के नर्स झाल्यावर काही महिन्यांनी एक दिवस म्हणाले, "मास्तर, रविवारी खोलीवर या. तुमास्नी कुस्ती दाखवतो." मी चाट पडलो. या वयात पुन्हा आखाड्यात? पण गेलो.

तालमीला लागून खोली. खाटेवर एक गोरा, हाडापेरानं मोठा माणूस उताणा पडलेला. हाच मल्लाप्पा. पाय काठ्यांसारखे वाळलेले, पण दाढी नीट केलेली, चादर परीटघडीची. उशाशी त्याची आई. वस्तादांनी साबणानं हात धुतले, एकमेकांवर चोळून ऊन केले आणि खाटेपाशी जाऊन उभे राहिले. मी शड्डूची वाट बघत होतो. तो आला, पण खाटेवरून आला. मल्लाप्पानं उजवा हात सावकाश उचलला आणि आपल्या मेलेल्या मांडीवर थाप मारली.

"ये," तो म्हणाला.

वस्ताद वाकले. ते हात आत गेले आणि मल्लाप्पा कुशीवर आला. कसा आला ते मला सांगता येणार नाही, आणि मी तर त्या हातांखाली वर्षभर लोळलेला माणूस. पाठ उघडी झाली. जुन्या जखमांचे खड्डे भरून आले होते, त्यांवर गुलाबी, कोवळी कातडी धरली होती. वस्तादांनी ती पुसली, पावडर लावली, पाठीमागं उशी सरकवली.

"टेकली काय रे पाठ?" मल्लाप्पानं भिंतीकडं तोंड असतानाच विचारलं.

"न्हाय टेकली."

"मग हरला कोण?"

"मी हरलो, गड्या."

मल्लाप्पा हसला. ते हसणं जुनं, रोजचं होतं. म्हातारीनं माझ्या हातात बदामाच्या दुधाचा लोटा दिला आणि म्हणाली, "सकाळी हरतोय, दुपारी हरतोय, सांजंला हरतोय. एक दीस बी चुकवत न्हाय बघा." मी लोटा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

वस्ताद पुन्हा हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "दुपारची कुस्ती अजून हाय, मास्तर. थांबताय न्हवं?"

मी थांबलो.