अख्खा पडदा, अर्धी बायको

"मी सहसा स्वतःबद्दल बोलत नाही," असं भावोजी म्हणाले की मेव्हणा निमूटपणे दुसरा चहा सांगायचा. पहिल्यात भागायचं नाही.

"पण खरं ते सांगायला लाज कसली? माझी नजर म्हणजे क्ष-किरण आहे. माणसाच्या बुटांवरून मी त्याचा धंदा सांगतो, कॉलरवरून त्याचा स्वभाव सांगतो आणि चालीवरून त्याच्या बायकोचा. गुन्हेगार मला बघून रस्ता बदलतात."

लोक रस्ता बदलायचे हे खरं होतं. फक्त ते गुन्हेगार नसून ओळखीचे असायचे.

भावोजी बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे साहेब होते आणि मेव्हणा त्यांच्या हाताखाली. दिवसभर कंडक्टर लोक बसमध्ये सापडलेल्या छत्र्या, डबे, टोप्या आणून टाकायचे. संध्याकाळपर्यंत मालक धापा टाकत यायचे आणि आपापली वस्तू ओळखून न्यायचे. यात भावोजींचं काम "सही करा" म्हणण्यापुरतंच होतं. तरी प्रत्येक छत्रीमागे ते मेव्हण्याकडे वळून "लागला छडा!" म्हणायचेच. अशा असंख्य 'सुटलेल्या' प्रकरणांच्या जोरावर त्यांनी घराच्या दारावर 'गुप्तहेर' अशी ठळक पाटी लावली होती. गुप्तहेराने पाटी लावावी का, असं मेव्हण्याने एकदाच विचारलं. तेव्हापासून त्याला ही नोकरी कुणी लावून दिली, याची त्याला अधूनमधून आठवण करून दिली जात होती.

शिंप्याचं प्रकरण मात्र खिडकीवर आलं नाही. ते थेट घरात शिरलं.

इमारतीच्या तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानामागे त्याचं छोटंसं घर. आत एक मशीन, एक आरसा, आणि कपडे सांगितल्या दिवशी देण्याची त्या धंद्याला न शोभणारी सवय. असा हा माणूस मधूनच बायकोला घेऊन नाहीसा व्हायचा आणि इमारतीच्या ग्रुपवर फोटो यायचे. कधी टेकडीवरचं बडं हॉटेल, कधी तळ्याकाठचं. माणूस बुडून जाईल अशी गादी. पाय लांब करून झोपता येईल असा टब. शिंपीणबाई पांढऱ्याशुभ्र झग्यात, हातात नाजूक कप. खाली शिंपी लिहायचा, 'मजेत आहोत.'

इमारत मात्र मजेत नव्हती. वरच्या मजल्यावरचे बँकवाले एकदा गटाबरोबर सहलीला गेले होते, आणि एका दिवसात सात ठिकाणं बसच्या खिडकीतून पाहून सुजल्या पायांनी परत आले होते. त्यांनी भावोजींना आणि मेव्हण्याला जिन्यात गाठलं आणि बोलत बोलत थेट घरापर्यंत आले. "शिवणकामात एवढं सुटतं होय? तुम्हीच काय ते बघा, साहेब."

घरात ताई तेच फोटो बघत बसली होती. ताई म्हणजे भावोजींची बायको आणि मेव्हण्याची थोरली बहीण. लग्नात तिला एक निळी सुटकेस मिळाली होती. ती तेव्हापासून कपाटावर होती आणि तिच्यात जादा पांघरुणं होती.

"एकदा असं जाऊ या ना," ताई म्हणाली. ती हे नेहमीच म्हणायची, पण या वेळी तिने फोनमधून मान वर केली नाही. मेव्हण्याला ते फार लागलं.

"अगं, आपल्यासारख्यांच्या मिळकतीत अशी ऐट होत नाही," भावोजी म्हणाले.

"त्यांची होते की."

"म्हणजेच तो गुन्हेगार आहे!"

"आणि नसला तर?"

बँकवाले दारात उभे होते, त्यामुळे भावोजींना माघार घेता येईना. "नसला, तर तुला त्याच टेकडीवरच्या हॉटेलात नेईन. शब्द!"

"तू साक्षीला आहेस हं," ताई मेव्हण्याला म्हणाली. मेव्हणा भावोजींचा सहायक होता, पण त्याच क्षणी त्याने मनातल्या मनात पक्ष बदलला.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर तपास सुरू झाला. भावोजींनी फोन भिंगाखाली धरला. फोटो नुसत्या बोटांनी मोठा करता येतो हे मेव्हण्याने सांगितलं नाही. एवढा आनंद हिरावून घेणं त्याच्या जिवावर आलं.

"काय दिसतं?"

"शिंपीणबाई."

"अर्धी!" भावोजी गरजले. खरंच, एकाही फोटोत बाई पुरती नव्हती. कुठे कपाळ कापलेलं, कुठे नुसता खांदा. मागचा पडदा मात्र प्रत्येक फोटोत छतापासून जमिनीपर्यंत अख्खा. "तोंड लपवलंय. का? कारण ती त्याची बायको नाहीच!"

"हातावर इस्त्रीचा डाग आहे, भावोजी. शिंपीणबाईंच्या हातावर आहे तोच."

"मग बायको खरी आणि हॉटेल खोटं. टेकडीवर जाऊन कुणी पडदा ओढून टेकडी झाकतं का? टेकडी नाहीच! ही त्याच्या दुकानाची मागची भिंत आहे."

"मग टब कुठून आला?"

भावोजींनी चहा संपवला. "टब खरा, हॉटेलही खरं. तर मग पडद्यामागे कुणीतरी उभं आहे. टोळीचा म्होरक्या!" दुपारपर्यंत त्या म्होरक्याला दाढी आली, एक पाय लंगडा झाला आणि लहानपणी त्याच्यावर अन्यायही झाला. भावोजींना त्याची थोडी दयाच यायला लागली.

संध्याकाळी दोघं शिंप्याच्या दुकानात गेले. निमित्त पँट सैल करून घेण्याचं होतं. निमित्त म्हणून निवडलं असलं तरी गरज खरी होती.

"कंबरेला सोडायची ना, साहेब?" तोंडात टाचण्या धरून शिंप्याने विचारलं.

"प्रश्न मी विचारणार. हॉटेलात तुम्ही नेमकं काय करता?"

"पडदे..."

"विषय बदलू नका. तिथे तुम्हाला कोण भेटतं?"

"मॅनेजर. आधी खिडक्यांची मापं..."

भावोजींनी मेव्हण्याला डोळा मारला. लोकांच्या खिडक्यांची मापं कोण घेतं? घरफोडे!

शिंप्याने टाचण्या तोंडातून काढल्या. "साहेब, उद्या सकाळी आम्ही परत जातोय टेकडीवर. हवं तर या तुम्ही. दाखवतोच सगळं, म्हणजे..."

"कबुली!" भावोजी ओरडले आणि तसेच तरातरा बाहेर पडले, टाचण्या लावलेल्या पँटसकट. घरी गेल्यावर ते खुर्चीत बसले तेव्हा काय झालं, ते मेव्हण्याने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

सकाळी भावोजींनी मेव्हण्याला तातडीने घरी बोलावलं. ताई पहाटेच मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली होती. कपाटावर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. निळी सुटकेस नव्हती. पांघरुणं पलंगावर रचलेली होती, नीट घड्या घालून.

"चोरी!" भावोजी म्हणाले.

"चोर घड्या घालतो?"

"शिंपी घालतो!"

आयुष्यात पहिल्यांदाच भावोजींच्या बोलण्यात काहीतरी अर्थ आहे असं मेव्हण्याला वाटलं आणि तो घाबरला. एवढ्यात बँकवाले जिन्यातून धावत आले. शिंपी आणि त्याची बायको आत्ताच रिक्षात बसून गेले. बरोबर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. माणसाएवढं लांब.

"प्रेत," भावोजी शांतपणे म्हणाले. "चल."

वाटेत ते खिडकीवर थांबले आणि वेष बदलून आले. बड्या हॉटेलात शिरायचं तर बडं दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डोक्यावर एका प्रवाशाची टोपी, डोळ्यांवर दुसऱ्याचा गॉगल, अंगात तिसऱ्याचा लांब कोट आणि हातात चौथ्याची लाकडी मुठीची छत्री. बसमध्ये शेजारच्या बाईंनी त्यांना पाहून आपलं सामान मांडीवर घेतलं.

हॉटेलच्या दारातल्या पगडीवाल्या दरवानाने मेव्हण्याला साध्या कपड्यांत आत सोडलं आणि भावोजींना अडवलं. मग तो त्यांच्या हातातल्या छत्रीकडे एकटक बघायला लागला.

"ही माझी छत्री," तो म्हणाला. "मूठ तुटलेली, तारेने बांधलेली. गेल्या महिन्यात बसमध्ये राहिली होती. कुठे कुठे शोधली मी!"

वस्तू स्वतः बसने मालकाच्या दारी गेल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. भावोजींनी क्षणभर छत्रीकडे पाहिलं, क्षणभर दरवानाकडे. "सही करा," ते म्हणाले.

दरवान इतका खूश झाला की त्याने दोघांना आपणहून सांगितलं, "शिंपीदादा ना? वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली खोली."

भावोजींनी दारावर थाप मारली. "दार उघडा! इमारतीला वेढा पडलाय!"

दार ताईने उघडलं. अंगात पांढराशुभ्र झगा, हातात नाजूक कप.

"तुला ओलीस धरलंय का?" भावोजींचा आवाज खरोखर कापला.

"पाय पुसून आत या," ताई म्हणाली.

आत शिंपी शिडीवर चढून पडदा टांगत होता. चादरीत गुंडाळलेलं 'प्रेत' म्हणजे कापडाचा गठ्ठा होता. शिंपीणबाई गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर पाय पसरून बसली होती. पलंगाशेजारी निळी सुटकेस उघडी होती आणि तिच्यात ताईचे कपडे होते. मेव्हण्याने आपल्या बहिणीला इतक्या निवांतपणे उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे... हे कसं?" भावोजींनी विचारलं.

"मी शिंपीणवहिनींना विचारलं."

"काय विचारलंस?"

"की तुम्हाला हे सगळं कसं जमतं."

भावोजींना तपासाची ही पद्धत अगदीच नवीन होती.

"जाड पडदा टांगला की आपल्याच वजनाने खाली उतरतो," ताई सांगायला लागली. "आधीच दुमडून शिवला तर मग जमिनीवर लोळतो. म्हणून टांगून तसाच ठेवायचा, पुरता उतरला की मग खालून शिवायचा. तोवर ती खोली गिऱ्हाइकाला देता येत नाही. म्हणून गर्दी नसते तेव्हा यांना बोलावतात आणि त्याच खोलीत ठेवून घेतात. खाणंपिणं हॉटेलचं, कपडे घरी शिवलेले, ऐट स्वतःची. वहिनींचा गुडघा दुखावलाय, शिडी धरायला माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी येते."

"मग फोटोत बायको अर्धी का?" भावोजींनी शेवटचा धागा ओढून पाहिला.

"फोटो पडद्याचा असतो, साहेब," शिंपी शिडीवरून म्हणाला. "ही मध्ये येते."

शिंपीणबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की शिडी कुणीच धरलेली नाही, याची मेव्हण्याला काळजी वाटली.

भावोजींनी टोपी काढली, गॉगल काढला. दुसऱ्यांच्या वस्तू उतरल्यावर ते बरेच लहान दिसायला लागले. "मी तुला आणणारच होतो इथे," ते हळूच म्हणाले. "शब्द दिला होता."

"दिला होता," ताई म्हणाली. "पण मी आले, आणि तुम्ही मागून आलात."

भावोजींनी टोपी आणि गॉगल कोटाच्या खिशात कोंबले.

"आता आलाच आहात तर शिडी धरा," ताई म्हणाली. "माझा चहा गार होतोय."

भावोजींनी शिडी धरली. थोड्या वेळाने शिडी धरण्यातही कसं शास्त्र असतं, हे ते शिंप्याला समजावून सांगायला लागले, तेव्हा ते सावरले हे ओळखून मेव्हणा परत निघाला. खिडकी कुणीतरी उघडायला हवी होती.

पडदे उतरेपर्यंत भावोजी तिथेच राहिले. ग्रुपवर एक फोटो आला. पडदा अख्खा, ताई अर्धी, आणि कोपऱ्यात शिडीला धरलेले दोन हात. खाली 'मजेत आहोत.'

मग एका दुपारी टेकडीच्या बसच्या कंडक्टरने खिडकीवर एक पिशवी आणून टाकली. आत एक टोपी, एक गॉगल, एक लांब कोट आणि एक भिंग होतं. मेव्हण्याने पिशवी समोरच ठेवली आणि दोन चहा सांगितले. चहा यायच्या आत मालक धापा टाकत हजर झाला.

"चोरी! भर बसमधून! टोळी माझ्या मागावर आहे!"

मेव्हण्याने पिशवी पुढे सरकवली. "सही करा," तो म्हणाला.

भावोजींच्या मागून ताई आली. निळी सुटकेस तिच्या हातात होती. ती तिने प्रवासभर मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"चला, ही आता कपाटावर," भावोजी म्हणाले, "म्हणजे पांघरुणं परत आत जातील."

"पांघरुणं पलंगावरच राहू देत," ताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात तळ्याकाठचे पडदे आहेत."