बंब येतोय, वाट मोकळी ठेवा!

मोटार पेट्रोलवर चालते असं समजणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून कीव येत आली आहे. मोटार चालते ती ड्रायव्हरच्या अकलेवर! पेट्रोल आपलं भाजीत मीठ असावं तेवढं. हे मी लोणावळ्यापासून वडगावपर्यंतच्या प्रत्येक चहाच्या दुकानात, कुणी विचारलेलं नसताना, सांगत असे.

आणि उगाच सांगत नव्हतो. लढाई सुरू झाली, पेट्रोलला कुपनं आली आणि भाव असे भडकले की शेटलोक पेट्रोलचा डबा देवघरात ठेवू लागले. त्या दिवसांत राजमहंमदशेटांची लोणावळा ते वडगाव सर्व्हिस मोटार मी जवळजवळ वाऱ्यावर चालवली. उतार दिसला की इंजिन बंद! कामशेतची खिंड उतरताना माझा हात स्विचवर आपोआप जायचा. चढ आला की पुरुष उतारू खाली. जरा मोठा चढ आला की बायकाही खाली. नवलाख उंबरे गावचा एक पाहुणा तर एकदा घाम पुसत म्हणाला, "भाऊ, म्या तुमच्या मोटारीत बसलो, का तुमची मोटार माज्यावर बसली?"

पण पुढं कुपनंच आटली. तेव्हा शेटांनी मुंबईहून एक यंत्र आणून मोटारीच्या मागं बसवलं. वरून लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा. आत जो धूर तयार होतो तोच गॅस, आणि त्या गॅसवर म्हणे इंजिन चालतं! त्याचं नाव गॅस प्लांट. पण ते दिसायला उभट, गोल, वर झाकण, खाली राखेचं दार, बाजूला धुराडं. त्यामुळं पहिल्याच दिवशी अख्ख्या मावळानं त्याचं बारसं करून टाकलं. बंब!

"भिमाजी, आंगुळीला पानी तापलं का?" असं लोक विचारायचे.

"गॅस प्लांट म्हणा!" मी खवळायचो. माझ्या मोटारीत बंब हा शब्द उच्चारायला मनाई होती.

आता खरी अडचण ऐका. पुण्याहून मोटारींचे साहेब येणार होते. त्यांनी आदल्या दिवशी माणूस पाठवून आमच्या पेट्रोलच्या टाकीला लाखेचं सील ठोकलं. अट अशी की सकाळी साडेदहाच्या आत मोटार लोणावळ्याहून वडगावच्या कचेरीसमोरच्या वडाखाली, नुसत्या कोळशावर, आपल्या पायांनी आली पाहिजे. ढकलून चालणार नाही. आली तर परवाना, नाही तर मोटार विटांवर.

"आन् मोटार इटांवर गेली, की तू कुटं जाशील रं?" शेटांनी विचारलं.

मी कुठं जाणार ते मला चांगलं माहीत होतं. भावाच्या औतामागं! भाऊ दहा वर्षं ह्याच दिवसाची वाट पाहत होता.

"शेट, तुमी निवांत ऱ्हावा," मी म्हणालो. "साडेधाला कशापायी? धालाच उबी करतो!"

सकाळी साडेसहाला मी भट्टी पेटवायला घेतली. कोळसा ठासून ठासून भरला. रॉकेलचा बोळा पेटवून आत सारला आणि पंखा फिरवू लागलो. धूर असा निघाला की समोरचा डोंगर गेला, स्टेशन गेलं, शेवटी मोटारही दिसेना. गॅस तयार झाला की नळीच्या तोंडाशी काडी लावायची, ज्योत धरली की झालं, असं मुंबईच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं. मी काड्यांची अख्खी पेटी संपवली. ज्योत माझ्या मिशीनं धरली, नळीनं नाही!

साडेसात झाले. मोटारीत पहिल्या बाकावर कोंडाजी आबा कधीचे बसून होते. वडगावच्या बाजाराला निघाले होते.

"भिमाजी," आबा खोकत म्हणाले, "ही मोटार चालती का नुस्ती हुक्का वढती?"

मी उत्तर देणार तेवढ्यात धुरातून एक बाई पुढं आली. लुगड्याचा कासोटा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात गाठोडं. वडगावच्या झुंबरबाई. लोणावळ्यात एका मुंबईकर शेटच्या बंगल्यावर कामाला असायच्या आणि बाजाराच्या दिवशी घरी जायच्या. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि धूर निरखून पाहिला.

"कुनी भरला ह्यो बंब?"

"गॅस प्लांट!" मी म्हणालो. "मावशी, ह्ये यंत्राचं काम हाये. मुंबईवरनं आलंय. तुमी बसा जावा आत."

"आरं वीस वर्सं शेटच्या बंगल्यात बंब पेटवतीया म्या! पाव्हन्यांच्या आंगुळीला एक दीस पानी गार गेलं न्हाई. धूर पिवळा हाये, म्हंजी कोळसा वला. आन् येवढा ठासून भरल्यावर त्यानं श्वास कुटनं घ्यावा? सर तिकडं!"

आणि मी सरलो! का सरलो ते मला आजही सांगता येत नाही. बाईंनी अर्धा कोळसा उपसून काढला. मोठे खडे खाली, बारीक वर, मधे बोटभर वाट ठेवली. शेजारच्या हॉटेलच्या चुलीतून गोवरीवर विस्तव आणला आणि राखेच्या दारातून आत सरकवला. "फिरीव," म्हणाल्या. मी पंखा फिरवू लागलो. त्यांनी पत्र्याला कान लावला! वैद्य नाडी बघतो तसा डोळे मिटून!

"बोलतुया," त्या पुटपुटल्या. "जरा दमानं... आता जोरात... हां. लाव काडी."

मी काडी लावली. नळीच्या तोंडाशी निळी ज्योत उभी राहिली. न हलता, न फडफडता! मी तिच्याकडं बघतच राहिलो. दगडावर दगड घासून पहिला विस्तव काढणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. हँडल मारलं, आणि इंजिन पेट्रोलच्या थेंबाशिवाय सुरू झालं. आबांनी बसल्या जागेवरून हात जोडले. इंजिनाला की बाईंना, ते मी विचारलं नाही.

आता एकच भीती होती. मुंबईच्या मिस्त्रीनं बजावलं होतं की वाटेत इंजिन बंद पडलं तर गॅस निवतो, मग पुन्हा तास-अर्धा तास पंखा. आणि वडगावात बाजाराचा दिवस! रस्त्यावर बैलगाड्या आडव्या. तिथं थांबावं लागलं की संपलंच! तेवढ्यात दुधाच्या किटल्या घेऊन स्टेशनाकडं पळणारा गेणू दिसला. आठची गाडी धरून तो वडगावला उतरायचा. माझ्या बराच आधी पोचणार.

"गेणू!" मी ओरडलो. "वडगावात सांग, ग्यास प्लांट येतोय!"

"कसली बत्ती?"

"बत्ती न्हाई! ग्यास! ग्यास प्लांट!"

"कुनाच्या लग्नात?"

गाडीनं शिट्टी दिली. आणि मंडळी, त्या घाईत मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द वापरला!

"आरं बंब! बंब येतोय म्हनावं! कुटंबी थांबनार न्हाई! वाट मोकळी ठिवा!"

गेणूचे डोळे मोठे झाले. "बंब!" असं म्हणून तो किटल्या सांडत पळाला. मला त्याच्या तत्परतेचं कौतुक वाटलं.

मोटार निघाली. झुंबरबाई आत बसायला तयार होईनात. मागच्या पायरीवर, भट्टीला चिकटून, हातात गज घेऊन उभ्या! मळवली मागं पडली, कार्ले फाटा मागं पडला. मी खुशीत येऊन शीळ घालू लागलो. कामशेतच्या खिंडीचा चढ आला तेव्हा सगळे उतारू सवयीनं खाली उतरले आणि चालू लागले. मोटार कण्हत कण्हत, पण माथ्यावर पोचली! उतारू परत बसले. पुढं लांबलचक उतार. वारा असा गार लागला, जिवाला असं बरं वाटलं, आणि माझ्या हातानं, वर्षानुवर्षांच्या काटकसरी हातानं, शिरस्त्याप्रमाणं इंजिन बंद केलं!

एकदम शांतता पसरली. चाकांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"भिमाजी!" मागून आवाज आला. "इंजान का मारलंस?"

"पेट्रोल वाचवाया..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"टाकीला शील हाये, मुडद्या! कुटलं प्येट्रोल?"

औत, बैल, भावाचं हसू, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मागं बघतो तर बाईंनी एका हातानं मोटारीची शिडी धरली होती, दुसऱ्या हातानं पंखा गरगर फिरवत होत्या, आणि मोटार उतारावरून सुसाट चालली होती!

"बोलतुया आजून!" त्या ओरडल्या. "घाल गेर!"

मी स्विच देऊन गिअर घातला. मोटारीनं एक गचका दिला, आबांची पगडी माझ्या मांडीवर आली, आणि इंजिन पुन्हा धडधडू लागलं! मी मनातल्या मनात बाईंना साष्टांग नमस्कार घातला. हात मोकळे असते तर खरोखरचा घातला असता.

वडगाव आलं तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आणि काय ते दृश्य! बाजाराच्या दिवशी रस्ता चक्क रिकामा! एक बैलगाडी नाही, एक शेळी नाही. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, आणि पुढं भरल्या घागरी घेऊन बायका! रतनबाई, अंबूबाई, कस्तुराबाई, आमच्या शेटांच्या घरच्या बदरुन्निसाभाभीसुद्धा हंडा घेऊन उभ्या. जिथं पाण्याच्या पाळीवरून रोज भांडणं, तिथं सगळं गाव एका ओळीत! माझा ऊर भरून आला. कोळशावर चालणारी पहिली मोटार घेऊन मी गावात शिरतोय म्हणून सुवासिनी भरल्या घागरींनी सामोऱ्या आल्या होत्या! मी टोपी काढली. डावीकडं नमस्कार केला, उजवीकडं नमस्कार केला.

कुणीच हसलं नाही.

"आग कुटं हाये?" एकजण ओरडला.

"कसली आग?"

"आरं आगीचा बंब येतोय म्हनून गेणू बोंबलत आलाय! थांबनार न्हाई म्हनला! समदं गाव पानी घिऊन उबं केलंय! शिंप्यानं तर बाँब ऐकलं, त्यो मिशनीखाली जाऊन बसलाय!"

मी काही बोलणार तेवढ्यात मोटार त्यांच्यापुढून गेली आणि तिचं मागचं अंग सगळ्यांना दिसलं. धुराडं, धूर, राखेच्या दारातून दिसणारा लालभडक निखारा!

"आयो! बंबालाच आग लागली!"

आणि मग गावानं एकजुटीनं जे केलं त्याला तोड नाही. चाळीस घागरी! मोटारीचा आवाज झाला चर्रर्र... फुस्स! आणि ती उभी राहिली. वडाचं झाड वीस पावलांवर. झाडाखाली टोपी घातलेले साहेब, हातात घड्याळ. दहा वाजून पंचवीस मिनिटं. पायरीवर झुंबरबाई, डोक्यापासून पायांपर्यंत निथळत.

साहेबांशेजारी उभ्या असलेल्या शेटांनी डोळे मिटून घेतले. मी उतरून मोटारीच्या चाकापाशी मटकन बसलो. संपलं! वीस पावलांसाठी संपलं! खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

"बसतुस काय?" झुंबरबाईंनी लुगड्याचा पदर पिळला आणि गावाकडं वळल्या. "पानी आनलंत तसा आता इस्तव आना! ज्याच्या घरात चूल पेटली आसंल, त्यानं इस्तव आना! झाकान बंद हुतं, वरला कोळसा कोरडाच हाये. पळा!"

आणि मग ती रांग फुटली आणि घराघरांत शिरली. मी असं काही आधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहीन असं वाटत नाही. भर दिवसा, चारी गल्ल्यांतून, गोवऱ्यांवर, उलथन्यांवर, फुटक्या खापरांत निखारे येऊ लागले! शेजारणीला चुलीपुरता एक निखारा द्यायचा आपल्याकडं रिवाज आहे, पण एका मोटारीला सगळ्या गावानं विस्तव दिला! बदरुन्निसाभाभींनी रस्सा उतरवून अख्खी शेगडीच उचलून आणली. झुंबरबाई ओला कोळसा उपसून टाकत होत्या, निखारा घेत होत्या, मधेच पत्र्याला कान लावत होत्या.

"पंखा! पंखा कोन फिरवतंय?"

मी विस्तव घ्यायला धावलो होतो. पंख्यापाशी जो कोणी उभा होता त्याचा हात बाईंनी धरला आणि दांड्यावर ठेवला. "दमानं, बाबा... आता जोरात... थांबू नगंस!"

निळी ज्योत उभी राहिली. हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि चालू झालं! वीस पावलं मोटार आपल्या पायांनी गेली आणि वडाखाली उभी राहिली. गावानं अशी आरोळी ठोकली की शिंपी मशीनखालून बाहेर आला.

"किती वाजलं, सायेब?" शेटांनी भीत भीत विचारलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलंच नव्हतं. पंखा तेच फिरवत होते! तोंड काळं, टोपी तिरपी, आणि नजर झुंबरबाईंवर खिळलेली. "वेळेत आली," ते धापा टाकत म्हणाले. "वेळेत आली असंच लिहितो. बाई, तुमचं नाव काय?"

नाव त्यांनी का विचारलं ते परवाना हातात पडल्यावर समजलं. मोटार पास! औत टळलं! मी आनंदानं शेवटपर्यंत वाचत गेलो. शेवटी साहेबांच्या हातची एक ओळ होती: 'भट्टी पेटविणार झुंबरबाई. सदर बाई हजर असल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणू नये.' माझं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी, मोटारीच्या पगारावर झुंबरबाई बसतात. मावळात आमच्या गाडीला राजमहंमदशेटांची मोटार कुणी म्हणत नाही, भिमाजीची तर नाहीच नाही. झुंबरबाईंची मोटार! चहाच्या दुकानात मी अजूनही सांगतो की मोटार पेट्रोलवर चालत नाही, अकलेवर चालते. फक्त कुणाच्या, ते सांगत नाही.

आणि हो, तुम्ही उद्या वडगावला निघणार असाल तर आगगाडीनं जा. उद्या मोटार बंद आहे. झुंबरबाईंकडं पाहुणे यायचे आहेत, आणि त्यांच्या अंघोळीचा बंब पेटवायला मला बोलावलंय.