इब्राहिमभाईंची टाळी

मुलांनो, आमच्या खालच्या मजल्यावरचे इब्राहिमभाई बँजो वाजवतात आणि वाजवून झालं की ओरडतात. रोज संध्याकाळी साडेपाचला, बाल्कनीत. गाणं संपलं की इथल्या अख्ख्या अजमान शहराला दरडावल्यासारखं, "टाळी कुठाय? हात गळाले काय? टाळी!"

तुम्ही तिकडे कॅनडात पाहता तो गोल बँजो नव्हे. आपला बँजो म्हणजे तारा लावलेली लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं. रायगडात भाईंची बँजो पार्टी होती. लाल कोट घालून, पेटी गळ्यात अडकवून ते हळदीला, उरुसाला, गणपतीला वाजवायचे आणि मध्येच नवरदेवाच्या नकला करायचे. आता मुलाकडे राहतात आणि जगावर चिडलेले असतात. कीबोर्डवाल्यांवर जास्तच.

"बटण दाबलं की ढोल, बटण दाबलं की सनई! याला वाजवणं म्हणतात?"

"बटणं तुमच्याही पेटीला आहेत," मी म्हटलं.

"माझ्या बटणांनी बोटं सोलवटतात, वहिनी!"

गेल्या गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्यांना वाजवायला बोलावलं. सगळ्यांनी मोबाइल वर धरले. भाईंनी गाणं अर्ध्यात तोडलं. "हात मोबाइलला. टाळी काय पायांनी वाजवणार? खलास!" आणि पेटी उचलून चालते झाले.

मीही काही कमी रागीट नाही. साडेपाच ही माझी वाचनाची वेळ. शेवटी मी इमारतीच्या ऑफिसला पत्र लिहिलं. तीन परिच्छेद, निर्दोष इंग्रजी, खाली सही 'एक रहिवासी'. आठवड्याभरात बाल्कनीत वाजवायला मनाई झाली.

तीन दिवसांनी बेल वाजली. दारात इब्राहिमभाई. हातात नोटीस आणि तिला जोडलेलं माझंच पत्र.

"मुलगा म्हणतो, अब्बा, सोडा आता. वहिनी, तुम्ही इंग्लिशवाल्या. कुठल्या गाढवाने काय लिहिलंय, वाचून सांगा."

मी वाचलं. 'कर्कश' आणि 'असह्य' हे शब्द घाईघाईने उरकले.

"आणि तुम्ही आमच्यावर ओरडता, असंही आहे."

"तुमच्यावर कशाला ओरडू? हमीदावर ओरडतो!"

हमीदा त्यांची बायको. गावी लेकीकडे असते. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, ऐकूही कमी येतं. इथे घरात नातवाची शिकवणी चालते, म्हणून भाई बाल्कनीत बसून तिला फोन लावायचे आणि तो पेटीला टेकवायचे.

"कुठेही वाजवलं तरी पहिली टाळी तिची असायची. मला विसरली, टाळी नाही विसरली. ओरडलं की वाजवते. तीन दिवस फोन केला नाही. पेटीशिवाय मी कोण, ते तिला काय कळणार?"

मला संताप आला, आणि तो माझाच आला.

"पत्र मी लिहिलंय," मी म्हटलं.

भाईंनी पत्र माझ्या हातातून हिसकावलं. मग दुप्पट आवाजात, "तुम्ही? शिकलेल्या बाई!" पुढची दहा मिनिटं मी मुकाट्याने बोलणी खाल्ली. साडेपाचला पाच मिनिटं कमी होती.

"पुरे आता. पेटी आणा," मी म्हटलं. "माझ्या हॉलमध्ये वाजवा, खिडक्या बंद करून."

तेव्हापासून पेटी माझ्या जेवणाच्या टेबलावर असते आणि फोन मी धरते. काल गाणं संपलं, तर पलीकडे काहीच नाही.

"टाळी कुठाय?" भाई ओरडले. शांतता. "हमीदा! टाळी!" आवाज चिरकला.

बऱ्याच वेळाने फोनमधून एक टाळी आली. थांबून दुसरी.

"उशीर!" भाई भडकले. "ताल चुकतेस!" मग डोळे पुसायला चष्मा काढला आणि माझ्यावर खेकसले, "बघता काय, वहिनी? फोन नीट धरा."