मॅलकी मॅकगव्हर्नचा जागर

शनिवारी सकाळी फुलवाल्याचा फोन आला तेव्हा ऊना टियर्नी शवपेटीतल्या गादीला टाचण्या मारत होती.

“हार पुढच्या दारानं आणू की मागच्या?” फुलवाल्यानं विचारलं.

“कसले हार?”

“मॅलकी मॅकगव्हर्नसाठी. सकाळपासून फोन थांबत नाहीये. एक तर अग्निशमन दलाकडून आहे, शिडीच्या आकाराचा. दारातून आत जाईल ना?”

ऊनाला वाटलं, अध्यक्षांनी हौसेनं मागवले असतील. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर क्विल, निवृत्त दंतवैद्य, आणि संग्रहालयाच्या कुठल्याही कामात त्यांनी हौस दाखवल्याचं तिला आठवत नव्हतं. पण माणूस म्हातारपणी सुधारूही शकतो. “पुढच्यानं आणा,” ती म्हणाली आणि पुन्हा टाचण्यांकडे वळली.

आयरिश वारसा संग्रहालय म्हणजे आयर्लंड सोडून आलेल्यांच्या नातवंडांनी भरलेल्या त्या कालव्याकाठच्या गावातलं जुनं चपलांचं दुकान. खाली एक दालन, वर एक दालन, आणि मधे कुरकुरणारा जिना. ऊना तिथली संचालक होती, वाटाडी होती आणि नळ गळायला लागला की प्लंबरही होती. दर शरद ऋतूत ती लोकांसाठी कार्यक्रम आखायची आणि दर शरद ऋतूत लोक ते चुकवायचे. सप्टेंबरमध्ये कालवा खणणाऱ्या मजुरांवर व्याख्यान झालं, त्याला आलेल्यांपैकी निम्मे पाऊस थांबायची वाट बघत होते. सोडा ब्रेडच्या स्पर्धेत सगळे ब्रेड एकाच घरातून आले आणि निकाल लागल्यापासून त्या घरात अबोला होता. शेवटी डॉक्टर क्विलनी तिला बजावलं होतं, “ऊना, ऑक्टोबरचा कार्यक्रमही रिकामा गेला तर वरचं दालन योगवर्गाला द्यायचं. विश्वस्तांचं ठरलंय. ते लोक स्वतःच्या चटया स्वतः आणतात.”

म्हणून तिनं जागर काढला. पूर्वी आयर्लंडमध्ये माणूस गेला की गाव त्याच्या भोवती जागत बसायचं. रडणं असायचं, चहा-तंबाखू असायची, गाणी असायची, आणि गेलेल्याच्या खोड्यांच्या गोष्टी सांगून हसणंही असायचं. तेच सगळं हुबेहूब करून दाखवायचं. रडायला चर्चच्या गायनमंडळातल्या बायका तयार झाल्या. मरायला मात्र कोणी तयार होईना. अखेर मॅलकी मॅकगव्हर्न म्हणाले, “मी मरतो, पोरी. दुपारी नाहीतरी मी आडवाच असतो.”

मॅलकी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकटेच. टेलिफोनवर लोक काहीतरी विकतात म्हणून त्यांनी त्याची वायरच उपटून ठेवली होती.

फुलं आली. ऊना खूश झाली. मग शेजारच्या बेकरीवाल्या बाई मॅकरोनीचं भलंमोठं भांडं घेऊन आल्या, म्हणाल्या, “गरम करूनच वाढ गं,” आणि डोळे पुसत निघून गेल्या. ऊनाला वाटलं, कांदा चिरून आल्या असतील. त्यानंतर भाजलेलं हॅम आलं, बटाट्याचं सॅलड आलं, पुन्हा मॅकरोनी आली. चौथ्या मॅकरोनीला ती थबकली. या गावात मॅकरोनी करून न्यायची ती कोणी वारलेल्या घरी. कार्यक्रमाला यायचं म्हणून मॅकरोनी करील असं हे गाव नव्हतं.

तेवढ्यात चर्चचे फादर आत आले, काळ्या झग्यात. “ऊना, मला कळवलं कसं नाही? अंत्यसंस्काराशिवाय पाठवणार होतीस का त्याला?”

“कोणाला?”

फादरनी झग्याच्या खिशातून सकाळचं साप्ताहिक काढलं आणि बोट ठेवलं. निधनवार्तांच्या पानावर, काळ्या चौकटीत, ऊनाचेच शब्द होते: ‘मॅलकी मॅकगव्हर्न यांचा जागर. शनिवारी दुपारी, आयरिश वारसा संग्रहालय. शवपेटी उघडी राहील. चहापान होईल. सर्वांनी यावे.’

ऊनानं कपाळाला हात लावला. मजकूर थोडक्यात द्या, असं साप्ताहिकवाल्यांनी दोनदा बजावलं होतं. तिनं कापताकापता आधी ‘पारंपरिक’ कापलं, मग ‘नाट्यमय’ कापलं, मग ‘मृताच्या भूमिकेत’ कापलं. उरलं ते वाचून कोणाचाही गैरसमज होणार नाही असं तिला तेव्हा मनापासून वाटलं होतं. इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टातल्या, उत्साहानं भरलेल्या मॅलकींकडे बघून ते मेलेत असं कोणाला वाटेल?

“फादर, ते जिवंत आहेत! मागच्या खोलीत तोंडाला पावडर लावून घेतायत.”

फादर तिच्याकडे फार मायेनं बघू लागले. “बस जरा, बाळ. पाणी देऊ?”

ती मागच्या खोलीकडे धावली. खोली रिकामी. दालनात आली तर शवपेटी भरलेली. गायनमंडळाच्या बायकांनी वेळेआधीच मॅलकींना निजवलं होतं, हातात जपमाळ दिली होती आणि त्या चहा प्यायला वर गेल्या होत्या. खाली लोकांची रांग लागली होती. दारापासून फुटपाथवर, फुटपाथवरून थेट औषधाच्या दुकानापर्यंत.

ऊना पेटीवर वाकली. “मॅलकी, उठा! घोटाळा झालाय. पेपरात तुम्ही खरंच मेलाय असं आलंय.”

मॅलकींनी डोळे मिटलेलेच ठेवले. ओठ न हलवता ते म्हणाले, “फोटो छापलाय का?”

“नाही. उठा आधी!”

“पाच मिनिटं थांब की. आत्ताच तो हॅनलन येऊन गेला. म्हणाला माझ्यासारखा शिडीवर चढणारा माणूस या जिल्ह्यात झाला नाही. चाळीस वर्षं एका गाडीवर होतो आम्ही, मेल्यानं कधी चांगला शब्द काढला नाही.”

“लोक खरंखुरं रडतायत!”

“कोण कोण?” मॅलकींनी एक डोळा किलकिला केला.

तिनं त्यांची बाही धरून ओढली. मागून कोणीतरी दुःखानं म्हणालं, “सांभाळा हो तिला जरा, जवळची होती त्याच्या,” आणि दोघीतिघींनी ऊनाला अलगद धरून बाजूला नेलं.

बाजूला डॉक्टर क्विल उभे होते. चेहरा उजळलेला. “ऊना, काय गर्दी! या इमारतीत चपला विकत होते तेव्हासुद्धा एवढी नव्हती!”

“डॉक्टर, या लोकांना वाटतंय मॅलकी मेलेत. मला सांगायला हवं.”

“सांगू ना. पण आधी सगळ्यांना आत तर येऊ दे. कोट काढू दे. देणगीची पेटी दाराशी आहे, तिथवर तरी पोचू दे.”

“डॉक्टर!”

“बरं, बरं. सांग. पण हळू सांग, पळून जातील.”

ऊना खुर्चीवर चढली. टाळ्या वाजवल्या. सगळं दालन तिच्याकडे वळलं, ओल्या डोळ्यांनी.

“मंडळी, ऐका! मॅलकी जिवंत आहेत!”

“आहेतच!” मागून एक भरलेला आवाज आला. “आपल्या सगळ्यांच्या मनात!”

“मनात नाही हो! खरोखर! इथे, या पेटीत!”

“आमेन,” फादर म्हणाले, आणि सगळं दालन म्हणालं, “आमेन.”

“अहो, आमेन काय! श्वास चाललाय त्यांचा!”

बेकरीवाल्या बाईंना हुंदका आवरेना. एका म्हाताऱ्यानं टोपी छातीशी धरली. “किती जीव लावला पोरीनं,” असं कोणीतरी पुटपुटलं, आणि ऊनाच्या हातात आपोआप चहाचा कप आला. ती खुर्चीवरून उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या भाषणाला गर्दी झाली होती आणि एकानंही ते ऐकलं नव्हतं.

आता एकच उपाय होता. मॅलकींच्या काखेत गुदगुल्या करायच्या. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. ती कप ठेवून पेटीकडे निघाली, पण दारापाशी खळबळ झाली. रांग दुभंगली. बातमी कळताच लांबून गाडी हाणत आलेला एक उंच, थकलेला म्हातारा आत आला. कोटाची बटणं चुकीची लावलेली.

तो डर्मट मॅकगव्हर्न होता. मॅलकींचा धाकटा भाऊ.

दोघं भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि का ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बहिणीच्या घरी आजोबांचा विषय निघाला. मॅलकी म्हणाले, आजोबा लिट्रिमचे. डर्मट म्हणाला, लाँगफर्डचे. मॅलकी म्हणाले, लाँगफर्डला कोणी भला माणूस जन्माला येतो का? टर्की कापायच्या आधीच डर्मट उठला, गाडीत बसला आणि लांब बफेलो शहरात जाऊन राहिला. दोन्ही परगणे एकमेकांना लागूनच आहेत आणि दोघांपैकी एकानंही आयर्लंड पाहिलेलं नव्हतं, पण त्यानं काय होतं?

ऊना पुढे झाली. “मिस्टर मॅकगव्हर्न, एक मिनिट, मला तुम्हाला काही–”

“नंतर, बाई,” डर्मट म्हणाला. तो पेटीपाशी गेला आणि कडेला धरून भावाच्या पावडर लावलेल्या चेहऱ्यावर वाकला.

“मॅलकी,” तो म्हणाला. “अरे, वाटेत सारखं मनात येत होतं, गाडी वळवावी, तू आता थोडाच ऐकणारेस. लहानपणी मी कालव्यात पडलो तेव्हा तू बुटांसकट उडी मारलीस. आईनं बुटांसाठी तुला मारलं. मी काही बोललो नाही. आणि नंतर एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या गावावरून मी तुला सोडून गेलो.” त्यानं नाक पुसलं. ते ऐकून ऊनाचं गुदगुल्यांचं धैर्य गेलं. “तुझंच खरं, मॅलकी. लिट्रिम. लिट्रिमचेच होते आजोबा.”

मागची माणसं ऐकायला माना पुढे काढू लागली.

“जरा मोठ्यानं बोल,” शवपेटीतून आवाज आला. “मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

हॅनलननं हातातलं हॅम सोडलं. बेकरीवाल्या बाई किंचाळल्या. फादरनी क्रूसाची खूण करायला हात उचलला तो तसाच वर राहिला. मॅलकी गादीवर उठून बसले, कोपराला टाचणी टोचली म्हणून एक शिवी दिली, आणि खाली बघून म्हणाले, “काय रे डर्मट, बारीक झालास.”

डर्मटचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यानं टोपी काढली आणि भावाच्या डोक्यात हाणायला सुरुवात केली. “हलकट! बेशरम! मी रस्ताभर रडत आलो! पेट्रोल पंपावरच्या बाईनं मला रुमाल दिला!” दर शब्दाला एक टोपी. “मी शब्द मागे घेतो! लाँगफर्ड! लाँगफर्ड! लाँगफर्ड!”

“आता काय उपयोग! सगळ्या गावानं ऐकलंय!” मॅलकी ओरडले, आणि टोपीचा मार खातखातच त्यांनी भावाला मिठी मारली. मारणं काही थांबलं नाही, पण हळूहळू टोपी डोक्यावरून पाठीवर आली, आणि मग नुसतीच पाठीवर राहिली.

गाव भडकेल, असं ऊनाला वाटलं होतं. भडकलंही. “थट्टा करता काय आमची?” “माझी मॅकरोनी फुकट गेली!” पण मॅकरोनी समोर होती, गरम होती, आणि बाहेर थंडी होती. कोणीतरी ताट मागितलं. कोणीतरी म्हणालं, आपले पणजोबाही लाँगफर्डचेच. लिट्रिमवाले भिंतीकडे सरकले, लाँगफर्डवाले खिडकीकडे, आणि वरच्या गायनमंडळाच्या बायका रडायला खाली आल्या तेव्हा त्यांच्याकडे बघायलाही कोणाला सवड नव्हती. ऊनानं फेब्रुवारीपासून जमवलेल्या मातीच्या चिलमींची मांडणी एकानं सॅलड ठेवायला बाजूला सारली.

“अप्रतिम!” डॉक्टर क्विल हॅम चघळत म्हणाले. “योगवर्गाचं राहू दे. पुढच्या महिन्यात कोण मरतंय?”

“डॉक्टर, पुढच्या महिन्यात लोकरीच्या विणकामावर व्याख्यान आहे.”

“हॅनलन तयार आहे म्हणतो. माणसं काय बोलतात ते त्यालाही ऐकायचंय. अजून चौघांनी नावं दिलीत.”

तिनं एक खरकटं भांडं उचललं.

संध्याकाळपर्यंत सगळे पांगले. मॅलकी आणि डर्मट एकाच गाडीतून गेले; गाडी कोणी चालवायची यावरचं भांडण कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. ऊनानं भांडी विसळली, हॅमचा डाग पुसला, खुर्च्या घडी करून वर नेल्या, चिलमी मोजल्या, एक सापडेना. पाय भरून आले होते. बसायचं म्हटलं तर खुर्ची वर, आणि जिना चढायचं तिच्यात त्राण नव्हतं. दालनात मऊ गादीची अशी एकच गोष्ट होती. क्षणभरच, असं म्हणून तिनं बूट काढले, टाचण्या चुकवून आत शिरली आणि डोळे मिटले. दिवसभरात पहिल्यांदा तिला कोणी काही विचारत नव्हतं.

दार करकरलं. काठीचा ठकठक आवाज जवळ आला. श्रीमती हॅनराटी, गावच्या जुन्या शिक्षिका. नव्वदीला टेकलेल्या, दिसायचं जवळजवळ बंद, आणि बसनं आल्यामुळे उशीर झालेला.

“आले रे बाबा,” त्या पेटीच्या कडेवर हात टेकून म्हणाल्या. “किती वाळलास, मॅलकी! आजारी होतास तर सांगायचं होतंस.”

उठून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं? ऊनानं विचार केला, आणि तिला ते झेपेना. ती डोळे मिटून तशीच पडून राहिली.

“मला माहितीये तू कशानं गेलास,” श्रीमती हॅनराटी पुढे म्हणाल्या. “त्या टियर्नीच्या पोरीनं राबवून मारलं तुला. हे उचल, ते लाव. हुकूम सोडायची सवय लहानपणापासूनच आहे तिला. माझ्या वर्गात असतानाही फळा पुसायला दुसऱ्याला सांगायची. आणि ती व्याख्यानं! त्या कालव्याच्या व्याख्यानाला मी दोनदा झोपले. सोडा ब्रेड तर असा करते की कवळी जाईल.”

पेटीत ऊनाचे कान तापले.

“पण एक मात्र म्हणेन हं मी त्या पोरीबद्दल,” श्रीमती हॅनराटी म्हणाल्या, आणि थांबल्या. ऊनानं श्वास रोखला. इतक्या वर्षांत या गावात असं वाक्य तिच्याबद्दल कधी सुरूच झालं नव्हतं.

“जाऊ दे,” म्हातारी म्हणाली. “तुला आता सांगून काय उपयोग?” आणि काठी दाराकडे वळली.

ऊना ताडकन उठून बसली. “काय? एक काय? पुढे बोला ना!”

श्रीमती हॅनराटींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“आवाज किती बारीक झाला रे तुझा,” त्या म्हणाल्या. “झोप आता.” आणि दार ओढून घेऊन बस पकडायला निघून गेल्या.