टोकन मशीनची सेटिंग

पतसंस्थेच्या समुद्रपूर शाखेत टोकन मशीन आलं ते शाखाधिकारी मंजुषा मॅडमच्या हट्टानं. मुख्य कार्यालयानं महिन्याची मुदत दिली होती. चाललं तर इतर शाखांतही बसवायचं, नाहीतर मशीन परत. आणि ‘आम्ही म्हटलं नव्हतं का?’ हे मॅडमनी जन्मभर ऐकायचं.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. दुसऱ्यापासून मात्र रेटारेटी नाही, ‘मी आधी’ नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. पण मॅडम सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्या नव्हत्या. सूत कुठून आलं ते आधी बघणाऱ्या होत्या. त्यांनी मशीनची नोंद उघडली. गोंधळ थांबल्यापासून रोज पावणेदहाला, शाखेत गिऱ्हाईक यायच्या आधीच, दोन मिनिटांत चाळीस टोकनं निघत होती.

त्या वेळी शाखेत एकटा शिपाई तानबा असतो. मशीन आल्यापासून आपल्या स्टुलाचं काय होणार, ही त्याला धास्ती. मॅडमना घातपाताचा वास आला. विचारलं, तर त्यानं सरळ खिशातून टोकनांची गड्डी काढली.

“अल्लीपूरची गाडी साडेअकराले सुटते, मॅडम. रुख्माबाईले तिसावा नंबर आला तं ते घरी कवा जाईन? मशीनले गाडीचा टाइम मालूम हाय का? म्हणून गाडी पाहून मीच टोकनं वाटतो.”

नियम तो नियम. मॅडमनी गड्डी जप्त केली. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं टोकन घेतलं. हाकेच्या अंतरावर राहणारे पहिले वीस नंबर घेऊन बसले. अल्लीपूरची गाडी गेली आणि ती चुकलेली बारा माणसं मॅडमच्या टेबलाभोवती जमली. रुख्माबाईंनी तर तिथंच डबा उघडला. पुढची गाडी तीनला होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम लवकर आल्या, पावणेदहाला मशीनकडे पाठ करून बसल्या आणि बराच वेळ एकच फाइल वाचत राहिल्या.

महिनाअखेरीस मुख्य कार्यालयाचे साहेब आले, शांत शाखा बघून खूश झाले, मशीनचा फोटो काढून गेले. लगेच देवळी शाखेतही तेच मशीन बसलं. तिसऱ्या दिवशी तिथले शाखाधिकारी प्रभाकरराव यांचा फोन आला.

“मॅडम, कंपनी तेच, मशीन तेच, अन् आमच्या इथं लोकं एकमेकाच्या अंगावर जाऊन राह्यले. तुमी सेटिंग कोणती ठेवली?”

मॅडमनी दाराकडे पाहिलं. सेटिंग रुख्माबाईंना पाणी देत होती. मॅडमना हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

“पाठवते,” त्या म्हणाल्या, “चार दिवसांसाठी. पण परत पाहिजे.”

हे ऐकून तानबाचा चेहरा पडला. तुमचं स्टूल इथून हलणार नाही, असं मॅडमनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठं तो सावरला. मग खिशातून पेन काढून त्यानं एवढंच विचारलं, “देवळीहून कोणत्या गावाची गाडी कवा सुटते?”